हणमंतरावांनी गप्प केलेली गाडी

हणमंतराव गेल्याची बातमी आम्हाला अक्कांनी दिली. सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं आणि शैलाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोन वाजला. फलटणहून तिच्या थोरल्या बहिणीचा नंबर. इतक्या सकाळी अक्कांचा फोन म्हणजे हणमंतरावांनीच लावून त्यांच्या हातात दिला असणार, असं समजून शैलानं हसत उचलला. पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग अक्का म्हणाल्या, "शैले... ह्ये... गेलं." शैला तिथंच खाली बसली. मी गॅस बंद केला. दुःख आत पोचायला वेळ लागतो, त्या क्षणी माझ्या मनात आलं ते भलतंच होतं. अक्कांनी स्वतः नंबर लावला, स्वतः वाक्य पुरं केलं, हेच मनात आलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना 'पाणी' एवढंसुद्धा म्हणता येत नव्हतं. ज्या माणसानं धडपडून त्यांना परत बोलतं केलं, त्याच्या जाण्याची बातमी सांगायला ते बोलणं कामी आलं... हे मला अजून नीट सोसत नाही.

हणमंतराव माझे साडू. साडू या नात्याबद्दल आपल्याकडे कुणी फारसं प्रेमानं बोलत नाही. एकाच सासऱ्याच्या घरी दिवाळीला शेजारी शेजारी पाटावर बसलेले दोन परके पुरुष, एवढाच त्याचा अर्थ. आमचंही सुरुवातीला तसंच होतं. मी सांगलीत विश्रामबागेत राहणारा, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारा, वाऱ्याची झुळूक आली की मफलर शोधणारा माणूस. ते फलटणजवळच्या ऊसपट्ट्यातले, फौजेत पेन्शनीपर्यंत राहून आलेले. फौज म्हटल्यावर लोकांना बंदूक दिसते, पण हणमंतरावांनी सगळी नोकरी गोदामात काढली. बर्फाळ मुलखात घोंगड्या, बूट, कंदील मोजून घेणं आणि मोजून देणं हेच त्यांचं काम. ते स्वतःच सांगायचे, शत्रूपेक्षा कसर लागलेल्या घोंगड्यांशी आपण जास्त लढलो. त्यामुळे वस्तू जागच्या जागी हवी, हा त्यांचा हट्ट घरातही चाले. मला ते कायम 'पाव्हणं' म्हणत, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी. मी त्यांच्या घरी चष्मा कुठंतरी ठेवून विसरलो की तो अचूक माझ्या उशाशी येऊन बसे, आणि वर "पाव्हणं, तुमास्नी फौजेनं घेतलंच नसतं" हे ऐकावं लागे.

अक्का म्हणजे या माणसाच्या बरोबर उलट. बोलण्याला खंड नाही. शेजारणीच्या सुनेपासून कारखान्याच्या निवडणुकीपर्यंत सगळ्यावर मत, आणि ते मोठ्यानं. हणमंतराव बोलायला लागले की त्यांचं वाक्य मध्येच उचलून दुरुस्त करून पुरं करायची त्यांना सवय. "मंगळवारी न्हवं, बुधवारी." "ते थोरलं न्हवं, मधलं." आम्हाला हसू यायचं. हणमंतराव गप्प बसून सुपारी कातरत राहायचे. मग एका उन्हाळ्यात अक्कांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली ती हळूहळू सावरली, पण वाचा गेली. समजायचं सगळं, शब्द मात्र ओठांपर्यंत यायचा नाही. साताऱ्यात एक बाई अशा माणसांना पुन्हा बोलायला शिकवतात असं कळलं. त्या म्हणाल्या, पहिलं वर्ष-दीड वर्ष महत्त्वाचं, खाडा करू नका. महेश, म्हणजे त्यांचा मुलगा, फौजेत लांब. तेव्हा दर आठवड्याला सकाळी लवकर निघून फलटणहून साताऱ्याला हणमंतरावच त्यांना घेऊन जाऊ लागले. जुनी, पांढरी, छोटी गाडी होती. पावसाळाभर सगळं ठीक चाललं.

थंडी पडली आणि गाडी बोलायला लागली. फलटणच्या उन्हाळ्याची बदनामी सगळीकडे आहे, पण उसाच्या आणि पाटाच्या पाण्याच्या मधला तिथला पहाटेचा गारठा ज्यानं खाल्लाय त्यालाच माहीत. त्या गारठ्यात गाडीचं प्लास्टिक आकसतं, रबर कडक होतं, आणि एरवी एकमेकांना घट्ट धरून बसलेल्या वस्तू सैल पडून कुरकुरायला लागतात. तुम्ही आम्ही ते आवाज ऐकतो आणि सोडून देतो. अक्कांना ते सोडता येत नव्हतं. साताऱ्याच्या बाईंनी समजावलं होतं की आपलं डोकं बारीकसारीक आवाज आपोआप गाळून टाकतं, अक्कांचं आता गाळत नाही, सगळं सारख्याच जोरानं आत येतं. दाराची किरकिर, पुढून कुठूनतरी येणारी टकटक... अक्का डाव्या हातानं कान दाबून घ्यायच्या, मग रडायच्या. एकदा त्यांनी चालत्या गाडीचं दार उघडायला हात घातला. पुढच्या आठवड्यात त्या गाडीत बसायलाच तयार होईनात. दुसरी भाड्याची गाडी आणली तर तिच्यात अनोळखी माणूस बघून आणखीच घाबरल्या. साताऱ्याची वारी तुटली.

हणमंतरावांनी गाडी गॅरेजला नेली. पण गॅरेज उघडतं दहाला, तोवर ऊन चढलेलं, प्लास्टिक फुगून जागेवर बसलेलं. मेकॅनिकनं चक्कर मारली आणि "आबा, गाडी लोण्यावानी हाय" म्हणून परत दिली. दुसऱ्या गॅरेजातही तेच. तिसऱ्यानं तर आवाज तुमच्या कानात असेल असं सुचवलं. त्याच दिवशी दुपारी मला फोन आला. "पाव्हणं, दोन दिस सवड काढा. तुमी गाडी चालवायची, मी ऐकायचं." मी म्हटलं, मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. तर म्हणाले, "म्हणूनच तुमाला बोलावतोय. कळणारा माणूस ऐकायच्या आधी बोलतोय."

मी मफलर, कानटोपी, दोन स्वेटर घेऊन गेलो. पहाटे त्यांनी मला उठवलं आणि अंगणात ताडपत्री अंथरली. पहिलं काम गाडी रिकामी करणं. गोदामातला माणूस, त्यानं गाडीतली वस्तू न् वस्तू काढून ताडपत्रीवर ओळीनं मांडली. जॅक, पाना, छत्री, देवळातल्या प्रसादाच्या पुड्या, एक पायताण, बियाण्याची रिकामी पिशवी, सुट्टी नाणी, अक्कांचा कंगवा. मग रिकामी गाडी मी कालव्याच्या कडेच्या खडबडीत रस्त्यानं हळूहळू चालवायची आणि हे मागच्या सीटवर आडवे, कान दाराला लावून. एका जागी हातानं दाबून धरायचं, आवाज थांबला का ऐकायचं, थांबला नाही तर तळहात चार बोटं पुढं सरकवायचा. आवाज थांबला की खडूनं फुली. त्यात आवाजही एक नव्हता. स्पीडब्रेकरवर खालून एक कण्हल्यासारखा, वळणावर दाराचा, सरळ रस्त्यावर डिकीचा, आणि समोरून ती टकटक. हणमंतरावांनी ठरवलं, एका वेळी एकालाच धरायचं. सगळ्यांच्या मागं लागलं तर कुणीच सापडत नाही.

चुकाही भरपूर केल्या आम्ही. दाराच्या कडक रबराला मऊपणा यावा म्हणून त्यांनी घाण्याचं शेंगतेल चोळलं. दुसऱ्या दिवशी गाडीच्या चारी दारांना मुंग्यांच्या रांगा, आणि रबर फुगून दार लागेना. मी हसलो तर माझ्याकडे असं पाहिलं की मी मफलर वर ओढून घेतला. मग साबणानं धुऊन, कोरडं करून, दुकानातून रबराचा म्हणून मिळणारा सिलिकॉनचा फवारा आणला आणि दारं गप्प झाली. खालच्या कण्हण्याचा शोध मात्र त्यांनी झकास लावला. मला बोनेटवर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी खालीवर हलवायला सांगितली आणि स्वतः चाकाजवळ उकिडवे बसून तिथल्या सांध्यांतल्या एकेका रबरी बुशवर तांब्यानं पाणी ओतू लागले. डाव्या बाजूच्या बुशवर पाणी पडलं आणि कण्हणं क्षणभर थांबलं. वाळलं की परत सुरू. "घावला," एवढंच म्हणाले. तो बुश गॅरेजमध्ये बदलून घेतला. डिकीसाठी आणि आतल्या प्लास्टिकसाठी त्यांनी म्हसवडच्या बाजारातून आणलेल्या घोंगडीच्या पट्ट्या कापल्या. दोन कडक वस्तूंच्या मध्ये लोकर घातली की त्या भांडत नाहीत, हे त्यांचं गोदामातलं शहाणपण. जिथं जिथं खडूची फुली, तिथं तिथं काळ्या घोंगडीची पट्टी.

अक्का हे सगळं ओसरीवर शाल पांघरून बसून बघायच्या. रोज सकाळी चक्कर मारून आलो की हणमंतराव त्यांच्यासमोर उभे राहून विचारायचे, "बसतीस का जरा?" अक्का मान हलवायच्या. नाही. पुन्हा ताडपत्री, पुन्हा खडू. माझे दोन दिवस संपले आणि मी रजा वाढवली, कारण त्या 'नाही'नंतरचा त्यांचा चेहरा बघून मला सांगलीची गाडी धरवेना. आठवडे चालले होते. बाईंनी सांगितलेलं वर्ष काही थांबणार नव्हतं.

शेवटी राहिली ती टकटक. समोरून, उजवं वळण घेतलं की. फक्त गारठ्यात, ऊन आलं की गायब. पट्ट्या घालून झाल्या, क्लिपा बदलून झाल्या, तरी ती आपली चालूच. अखेर त्यांनी पुढचा खण काढला, त्याच्यामागचा हवेचा पंखा, म्हणजे ब्लोअर, उतरवला, हात आत घातला आणि मूठ भरून बाहेर काढली. मुठीत खोबऱ्याचे तुकडे होते. वाळलेले, दगडासारखे, आणि सगळे गुलालानं माखलेले. आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. मग उलगडा झाला. आदल्या मार्गशीर्षात, अक्का धडधाकट असताना, दोघं म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेला गेले होते. रथ येताना 'चांगभलं' म्हणत त्याच्यावर गुलाल-खोबरं उधळतात. गुडघे दुखतात म्हणून अक्का गर्दीत न शिरता गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या या गाडीला टेकून उभ्या राहिल्या आणि तिथूनच त्यांनी ओंजळी उधळल्या. निम्मं रथाच्या दिशेनं गेलं, निम्मं आपल्याच बोनेटवर. काचेखालच्या हवेच्या जाळीतून तुकडे आत पडले होते. उन्हानं खोबरं तेलकट होऊन चिकटून बसायचं, थंडीत गोठून सुटं व्हायचं आणि वाजायचं. उंदरांनी कसं सोडलं देव जाणे.

हणमंतराव गाडीच्या उंबऱ्यावर बसले. खोबरं तळहातावर तसंच. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "पाव्हणं, ह्ये गेल्या थंडीतबी वाजत असणार."

"मग तेव्हा कसं ऐकू आलं नाही?"

"तवा ही बोलत हुती की."

गाडीचा आवाज वाढलेलाच नव्हता, गाडीतलं माणूस गप्प झालं होतं. ते उठले, ओसरीवर गेले आणि ती मूठ अक्कांच्या पुढं उघडली. अक्कांनी एक तुकडा डाव्या हातानं उचलला, बोटाला लागलेला गुलाल पाहिला. ओठ हलले. आणि स्पष्ट, न अडखळता शब्द आला, "चांगभलं." साताऱ्याच्या बाईंनी नंतर सांगितलं की जन्मभर तोंडात बसलेले असे बोल कधी कधी आपसूक येतात, त्यावरून लगेच फार आशा धरू नका. पण त्या सकाळी आम्हाला कुठलं कळायला. फौजेत घोंगड्या मोजलेला तो माणूस खांबाला धरून रडला. मी तोंड फिरवून मफलरनं नाक पुसलं. दुसऱ्या दिवशी गारठ्यात "बसतीस का जरा?" म्हटल्यावर अक्का उठल्या आणि बसल्या.

त्यानंतर त्यांची साताऱ्याची एकही फेरी चुकली नाही. पुढच्या थंडीतही नाही. अक्कांचे शब्द एकेक करून परत आले. आधी नावं, मग 'दे', 'नको', 'बास', मग दोन-दोन शब्द जोडून. दर थंडीच्या सुरुवातीला हणमंतराव घोंगडीच्या पट्ट्या बदलायचे आणि दारांच्या रबराला हात फिरवायचे. यंदा दिवाळीला दोघं आमच्याकडे सांगलीला आले तेव्हा निघण्याच्या सकाळी त्यांनी मला मागं बसवून डोळे मिटायला लावले आणि विश्रामबागेतल्या सगळ्या स्पीडब्रेकरवरून गाडी नेली. काय ऐकू आलं विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही. खूश झाले. मग आरशातून माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्यामागं हिला न्यायला पाहिजे कुणीतरी. तुमी न्याल?" मी म्हटलं, नेईन की. पुढचा स्पीडब्रेकर त्यांनी अलगद ओलांडला. "पर तुमी ब्रेक लय जोरात मारता." तीच आमची शेवटची भेट. पंधरवड्यानं एका सकाळी चहा घेतला, जरा आडवा होतो म्हणाले, आणि उठलेच नाहीत.

त्या फोनवरच्या वाक्यानंतर अक्का पुन्हा मुक्या झाल्या. दिवस झाले, पाहुणे पांगले, महेश रजा संपवून गेला. आईला बरोबर नेतो म्हणत होता, अक्का ओसरीचा खांब सोडीनात. शैला तिथं राहिली, मी शनिवार-रविवार ये-जा करू लागलो. शैला बोलून थकायची, अक्का मान हलवून उत्तर द्यायच्या. बाईंचा निरोप आला, आलेले शब्द वापरले नाहीत तर जातील, घेऊन या. मी गाडी दारात उभी केली. अक्कांनी पाठ फिरवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मला त्यांना उचलून तर बसवता येत नव्हतं, आणि हणमंतरावांसारखं न रागावता रोज विचारण्याचा धीर माझ्यात नव्हता. मला खरं सांगायचं तर त्यांचा रागही यायचा. ज्या गाडीसाठी त्या माणसानं एवढा जीव टाकला तिच्याकडे ही बाई बघतसुद्धा नाही, असं वाटायचं.

गेल्या आठवड्यात पौषाचा कडक गारठा होता. गाडी उभी राहून बॅटरी उतरेल म्हणून मी सकाळी तिला कालव्याच्या रस्त्यानं एक चक्कर मारून आणली. दारात येऊन थांबतो तर अक्का ओसरीच्या पायरीवर उभ्या. माझ्याकडे बघून त्यांनी बोट स्वतःच्या कानाकडे नेलं आणि भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "नाही अक्का. एकही आवाज नाही." त्यांना ते पटलं नाही. माझ्यावर त्यांचा विश्वास कधीच नव्हता. त्या एकेक पायरी उतरल्या, दार उघडलं, आत बसल्या, आणि पुढं चला असा हात केला. हणमंतरावांचं काम टिकलंय का, हे त्यांना स्वतः बघायचं होतं. मी शैलाला खुणेनंच सांगितलं आणि गाडी साताऱ्याच्या दिशेला वळवली. ब्रेक हळू दाबत.

आदर्कीचा घाट चढेपर्यंत खरंच काही वाजलं नाही. दार नाही, डिकी नाही, काही नाही. त्या शांततेत मला मात्र गुदमरायला लागलं. काहीतरी बोलावं म्हणून मी बाहेर बघून म्हटलं, "मका चांगला आलाय यंदा." अक्कांनी बाहेर पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ हलायला लागले, गळ्याच्या शिरा ताणल्या. "शा... शाळू." इतक्या आठवड्यांनंतरचा पहिला शब्द. मी म्हटलं, हो हो, शाळूच, थंडीतली ज्वारी ती, मला काय कळतंय शेतीतलं. आनंदानं पुढचं शेत मात्र नीट बघून सांगितलं, "हा हरभरा." अक्का काहीच बोलल्या नाहीत. नाराज होऊन समोर बघत बसल्या. मी पुन्हा म्हटलं, "आणि हे कांदे." तरी गप्प. मग डाव्या हातानं त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं.

"ह्ये..." त्या म्हणाल्या. "मुद्दाम... चुकायचं."

मला उमगायला थोडा रस्ता गेला. गाडी गप्प करून झाल्यावर हणमंतराव या रस्त्यानं काय करत होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उगवण बघून पीक ओळखणारा तो माणूस दोन थंड्या, दर फेरीला, गव्हाला लसूण आणि डाळिंबाला पेरू म्हणत गेला होता, कारण नवऱ्याचं चुकलेलं वाक्य दुरुस्त केल्याशिवाय अक्कांना राहवत नाही, हे त्याला माहीत होतं. डोळ्यांपुढचा रस्ता मला अंधुक दिसायला लागला. वाठारच्या अलीकडे समोर उसानं खच्चून भरलेली ट्रॉली आली.

"अक्का, ती बघा, केळी चालली कारखान्याला."

अक्का पूर्ण वळून माझ्याकडे बघायला लागल्या. त्या नजरेत इतक्या वर्षांची ती जुनी वैतागलेली अक्का होती.

"ऊस," त्या म्हणाल्या. "ऊस हाय त्यो."

मग साताऱ्यापर्यंत मी चुकतच गेलो.